सहावा ठिपका

अक्का, तुमची राहिलेली कामं महिन्याभरात उरकली. रेशनकार्डावरचं नाव कमी झालं. गॅस भावजींच्या नावावर झाला. साड्या तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे वाटल्या. फक्त डाळिंबी इरकल मी ठेवून घेतली आणि त्यावरून तुम्हाला आता भांडता येणार नाही. म्हशींना अजून वाटतंय, तुम्ही माहेरी गेलाय. चांदी चार दिवस पान्हा चोरत होती. पाचव्या दिवशी भावजी तुमचं जुनं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसले, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. शेजारणींनी हसून घेतलं, भावजीही हसले. हे काम माझ्या यादीत नव्हतं. तुम्ही असता तर एवढंच म्हणाला असतात, "बघ!"

अठ्ठावीस वर्षं आपण यादीवरूनच भांडलो. मी वारणानगरला कॉलेजच्या ऑफिसात, माझं सगळं कागदावर. तुम्ही सहावीतून शाळा सोडलेल्या, तुमचं सगळं डोक्यात. आपण दोघी जावा; कोडोलीतल्या आपल्या दोन घरांमध्ये एक भिंत, भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून मी तुम्हाला भाजीची वाटी द्यायची आणि तुम्ही मला टोमणे द्यायच्या. "काय गं क्लारकबाई, आज किती कलमं?" मी किराणा लिहिला की तुम्ही हसायच्या, औषधं लिहिली की हसायच्या. शेवटी तुमच्या हातात काडेपेटी आली आणि मी कायमची हरले.

शुभांगीचं लग्न. तुमच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न म्हणून मी एकशे चाळीस कलमांची यादी केली होती. हळकुंडापासून पत्रावळीपर्यंत सगळं लिहून, खुणा करून, दोनदा तपासून ठेवलं. पहाटे आचारी चुलीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, काडेपेटी?" मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मांडवातल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. तुम्ही कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढून त्याच्या हातावर ठेवलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "यादीत जे न्हाय, ते हिला दिसतच न्हाय."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीच्या तळाला तुम्ही 'काडेपेटी' लिहायला लावलंत. जोतिबाला जाताना काडेपेटी, पावण्यांच्या फराळाला काडेपेटी. ऑपरेशनला ॲडमिट झालात तेव्हा तुमच्या पिशवीत काडेपेटी बघून सिस्टर केवढी भडकली! "आजी, इथं ऑक्सिजन असतो!" तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "मला काय सांगतीस? हिच्या यादीत हाय."

ऑपरेशनची गोष्ट तुम्ही गल्लीत ज्याला त्याला सांगितलीत, पण तुमच्या पद्धतीनं. माझ्या पद्धतीनं सांगायची राहिली. ती आता सांगते, कारण त्यातलं एक कलम मी चुकवलं होतं.

तुमच्या उजव्या टाचेला काळा डाग होता. दोन वर्षं तुम्ही तो कौतुकानं दाखवत होतात. "तळपायाला तीळ असला की माणूस लई फिरतंय. बघा, मी इमानात बसून उडणार नक्की." चपलेचा रंग असेल म्हणून मी एकदा दगडानं घासून बघायलाही सांगितलं होतं. डाग पसरला, कडेनं वेडावाकडा झाला, मग त्यातून पाणी यायला लागलं. तेव्हा मी रजा टाकली आणि तुम्हाला कोल्हापूरला चामडीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर तरुण, सभ्य. त्यांनी विचारलं, "हा कधीपासून आहे?"

"चांदी दुसऱ्यांदा व्याली तवापासनं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीतून चांदीचं वेत काढलं आणि महिना-साल सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तुमच्या डोक्याचा आणि माझ्या वहीचा एकमेकींना उपयोग झाला, असा तो पहिलाच दिवस असावा.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडं तो तळव्याला, नखाखाली जास्त दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. मी ते लिहून घेत होते, कारण लिहिताना रडायला येत नाही. तुम्ही मात्र विचारलंत, "मग धारा काढायला कधी बसू?"

ते म्हणाले, "आधी एक काम करायचं. एक सापडला की सगळी कातडी बघायची. कधीकधी एकाच वेळी दुसराही असतो, अगदी स्वतंत्र. फार जणांना नसतो, पण बघितल्याशिवाय कळत नाही." आणि त्यांनी एक कागद दिला. त्यावर माणसाच्या अंगाची रेघांची आकृती होती, पुढून एक, मागून एक. घरी बसून सावकाश अंगावरची प्रत्येक खूण त्यावर मांडायची आणि आणायची. मग ते एकेक खूण भिंगातून बघणार.

असं काम म्हणजे माझ्यासाठी जेवणाचं ताट. दुपारी तुमच्या न्हाणीत आपण दोघी कडी लावून बसलो. मी कागद पाटावर ठेवलेला, पेन्सिल दातात धरलेली. तुम्ही पहिली दहा मिनिटं पदरच सोडला नाहीत. मग मी म्हटलं, "अक्का, म्हशीच्या अंगावरचा एकेक पांढरा केस तुम्हाला पाठ आहे. स्वतःच्या अंगावर काय आहे ते माहीत नाही?" तेव्हा हसलात आणि पदर टाकलात. पाठीवर तीन. कमरेला एक. कानामागं एक, तो तुम्हाला चौसष्ट वर्षांत माहीतच नव्हता. "माझ्या दादल्यानं बी एवढं बारीक बघितलं न्हाय," तुम्ही म्हणालात, आणि आपण इतक्या हसलो की भावजींनी बाहेरून कडी वाजवली.

डाव्या हाताला, मनगटाच्या वर, गोंदण होतं. तुम्ही म्हणालात, "ते सोड, गोंदण हाय." मी सोडलं. कागदावर सातवा आकडा टाकला आणि पुढं लिहिलं, 'गोंदण'. ठिपके मोजले नाहीत.

डॉक्टर आकड्यानुसार गेले. एक, दोन, तीन. सहाव्याला त्यांनी भिंग जरा जास्त वेळ धरलं, मग म्हणाले, साधा आहे. सातव्यापुढं 'गोंदण' वाचलं आणि आठव्यावर गेले. एकूण एकोणीस कलमं. "यादी फार छान केलीय," ते मला म्हणाले. मी एसटीत पूर्ण रस्ताभर फुगलेली होते. तुमच्या लक्षात आलं होतं ते.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी मुरगूडहून हौसाबाई आल्या. तुमची पाठची बहीण. आल्या त्या टोपलीभर वाटाण्याच्या शेंगा घेऊनच. तुम्ही दोघी सोप्यात बसून शेंगा सोलत होतात, मी चहा ओतत होते. हौसाबाईंचा हात एकाएकी थांबला.

"अक्के, हात दाव."

"का गं?"

"दाव की."

त्यांनी तुमच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. दोन्ही हातांवर एकच नक्षी, चारी बाजूंना चार ठिपके आणि मधे एक. लहानपणी जत्रेत एकाच दिवशी, एकाच बाईनं, एकाच सुईनं काढलेली.

"आपल्याला त्या बाईनं पाचच टिपकं काढलं हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "तुझं सहा कसं?"

"तू रडत हुतीस म्हणून तुला एक कमी घातला आसंल."

"रडत न्हवतो. चावलो हुतो मी तिला. पण पाचच हुतं. माझ्या म्होरंच काढलं की तुझं."

मी चहा खाली ठेवला. सहावा ठिपका खालच्या अंगाला होता, नक्षीच्या बाहेर. पाच ठिपके हिरवट, विटलेले. सहावा काळा-तपकिरी, एका कडेनं फुटलेला. न्हाणीत मी त्याच्यापासून एक वीत अंतरावर बसले होते.

त्याचाही तुकडा काढला. दुसऱ्या रिपोर्टचा दिवस तुम्हाला आठवतो ना? मला वाटलं होतं टाचेतलं हातात गेलं, म्हणजे सगळं संपलं. मी डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, "नाही, हा पहिल्यातून पसरलेला नाही. दोन्ही आपापल्या जागी, स्वतंत्र सुरू झालेत. म्हणजे दोन वेगळे आजार समजा."

तुम्ही पुढं सरकलात. "म्हंजे ह्या दोघी सख्ख्या भणी न्हवंत?"

"नाही."

"मग जावा-जावा म्हणा की. म्हायेर येगळं, नांदायला एकाच घरात."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "अगदी बरोबर, आजी. माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत." त्यानंतर दर तपासणीला ते हेच विचारायचे, "काय आजी, दोघी जावा काय म्हणतात?" टाचेवरची थोरली, हातावरची धाकटी. "धाकटी लपून बसली हुती, हिच्यासारखी," तुम्ही मला कोपर मारत सांगायच्या.

दोन्ही एकाच दिवशी काढले. मांडीची कातडी घेऊन टाचेला लावली. आठव्या दिवशी तुम्ही कॉटवरून भेटायला आलेल्यांना सांगत होतात, "आता मी मांडीवर चालतो. हाय का तुमच्या गावात कुणी?"

मी तुमची माफी मागायची ठरवली होती. तसं ठरवून वहीत लिहिलंही होतं, हसू नका. एका दुपारी तुमच्या पायाची पट्टी बदलताना सुरुवात केली. "अक्का, ते सातवं कलम..."

तुम्ही मला पुढं बोलूच दिलं नाहीत. "तुझी यादी चुकली ह्याचं तुला दुख न्हाय. हौशी जितली ह्याचं हाय."

त्यात थोडं खरं होतं, म्हणून मी पट्टी गुंडाळत राहिले. पण सगळं खरं नव्हतं, अक्का. बाकीचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं होतं की हातावरचा वरवरच होता, आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडलं नसतं. टाचेवरचा खोल होता आणि तो पहिल्या दिवसापासूनच खोल होता. हे मला कळतं. तरी अजून कुणाच्याही मनगटावर गोंदण दिसलं की मी ठिपके मोजते. परवा बाजारात एका म्हातारीनं विचारलं, "काय बघतीस गं?" मी म्हटलं, "सात हायत." ती म्हणाली, "व्हय, सातच हायत," आणि कोथिंबिरीची जुडी पुढं केली.

खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्ताच्या नात्यातल्यांनी एकदा तपासून घ्यावं. शुभांगी सांगितल्या आठवड्यातच जाऊन आली. हौसाबाईंना तुम्ही सांगितलंत आणि त्या आपली पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

"मी न्हाय दावायची."

"का?"

"हुडकलं की घावतंय."

"अगं, घावलं तर काढता येतंय. माझं तूच हुडकलंस की!"

"तुझं हुडकलं त्ये पुरं झालं. माझं मला न्हाय हुडकायचं."

दोन वर्षं तुम्ही दोघी हेच बोललात. मी आकृतीच्या कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढली, वर 'हौसा' असं नाव घातलं आणि वहीत ठेवला. तो कोराच राहिला. तुम्ही काय काय नाही केलंत! दिवाळीला मुद्दाम बोलावून, "ये, पाठीला तेल चोळतो," म्हणालात, तर हौसाबाईंनी न्हाणीला आतून कडी घातली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्या होत्या तेव्हा मला पिटाळलंत, "जा, मानंवर काय हाय का बघून ये." मी वाकले आणि त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "क्लारकबाई, मला डास चावंल, तू नगो चावू."

मग तुमच्या जांघेत गाठ आली. ती थोरलीची होती. धाकटी एकदा काढली ती गेली, पुन्हा तिनं नाव काढलं नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून डोळे मिचकावलेत. "थोरलीच बाजी मारती शेवटी." सलाइन लावलेल्या हातानं तुम्ही खोलीतल्या सगळ्यांना हसवलंत, आणि मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. पाणी टेबलावरच होतं. ते तुम्हाला दिसलं असणार, पण त्यावरून तुम्ही मला कधी चिडवलं नाहीत. अठ्ठावीस वर्षांत मला चिडवायची तेवढी एकच संधी तुम्ही सोडलीत.

उत्तरकार्याच्या दिवशी पावणं दुपारी पांगलं. मी भांड्यांची यादी घेऊन मांडववाल्याची पातेली मोजत होते. हौसाबाई आल्या, त्यांनी मला दंडाला धरून न्हाणीत नेलं आणि आतून कडी घातली.

"आण तुझा कागद."

"कुठला?"

"माझं नाव घालून ठेवलायस त्यो. अक्कीनं दावला हुता मला. म्हागल्या म्हैन्यात."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. नुसता दावला, आन परत वहीत ठिवला."

मला हे माहीत नव्हतं, अक्का. दोन वर्षं ओरडून झालं नाही, ते तुम्ही कोरा कागद दाखवून केलंत.

मी कागद आणला, पेन्सिल दातात धरली. हौसाबाई तुमच्यासारख्या लाजल्या नाहीत. पातळ सोडून पाटावर बसल्या आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "मोज." पाठीवर दोन. खांद्याला एक. पोटावर चामखीळ. तळवे दोन्ही साफ. मनगटावर गोंदण. आधी ठिपके मोजले, मग पुन्हा मोजले, मग लिहिलं, 'ठिपके पाच'. हौसाबाईंनी मान वळवली. "पाचच न्हवं?" मी म्हटलं, "पाचच." तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

सगळी मिळून बारा कलमं झाली. त्या पातळाचा काठ शोधायला लागल्या. मी सवयीनं तळाला लिहिलं, 'काडेपेटी'. आणि मांडवातला तुमचा टोमणा आठवला, यादीत जे न्हाय ते हिला दिसतच न्हाय.

"बसा परत," मी म्हटलं.

"आता आन काय?"

"जोडवी काढा."

"का? धनी जिता हाय माझा!"

"असू देत. पाच मिनिटांत काही होत नाही त्यांना."

"न्हाय काढायची. लगीन झाल्यापासनं काढली न्हाईत."

"म्हणूनच काढा."

खोबरेल लावून, साबण लावून, दोघींनी ओढून जोडवी निघाली. उजव्या पायाला काही नव्हतं. डाव्या पायाच्या बोटाला, जोडव्याखाली, मसुराएवढा काळा डाग होता. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो. बाहेर मांडववाला पातेली आपटत होता.

"हुडकलं की घावतंय, म्हटलं न्हवतं मी?" हौसाबाई हळू म्हणाल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

गुरुवारी आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी तुमची चौकशी केली. मी सांगितलं. मग त्यांनी हौसाबाईंचा पाय हातात घेतला आणि भिंग टेकवलं. बराच वेळ बघितलं. हौसाबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी वाकली. तुम्ही असता तर काहीतरी बोलून सगळ्यांना हसवलं असतंत. मला तसलं काही सुचलं नाही. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या.

"साधा तीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "जोडव्याखाली होता म्हणून दिसला नाही इतकंच. महिन्यातून एकदा बघत जा. बदलला तर लगेच या." मग ते माझा कागद बघत राहिले. "हे शेवटचं कलम काय आहे? काडेपेटी?"

"ते अक्कांचं आहे," मी म्हटलं.

खाली येऊन हौसाबाईंनी उसाच्या रसाचे दोन ग्लास लागोपाठ प्यायले. तोंड पुसलं, आणि रसवाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हुडकलं, घावलं, आन कायबी निघालं न्हाय. अक्कीला कळीव!"

म्हणून हे लिहिलं.

परत कोडोलीला आलो, तर त्या लगेच मुरगूडला निघाल्या. जाताना कोऱ्या आकृत्यांचे कागद मागितले. "धा दे. न्हाय, ईस दे. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या टाचा मी रोज बघतो, पर टाचंखालचं कुणी बघितलंय?" मी वीस झेरॉक्स मोजून दिल्या. मग त्यांच्या पिशवीत काय काय घातलं ते लिहायला बसले: कागद, दोन पेन्सिली, खोबरेलाची बाटली, साबण. त्या दारात उभ्या राहून घाई करत होत्या, एसटीची वेळ झाली होती.

तुमच्या खिडकीच्या कोनाड्यात तुमची काडेपेटी होती. ती मी सगळ्यात वर टाकली.

"ही कशाला?" हौसाबाईंनी विचारलं. "लिवलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "ती यादीत नाही."